पाच ठिपके

गाडी नंबर सतरा.
लाल टाकी, सीटला चिकटपट्टी,
आणि हँडल इतकं जड, की मागच्या शुक्रवारी एक पोरगी
डावीकडे वळता वळता सरळ समुद्रात गेली.
पाणी गुडघाभर. हसत बाहेर आली.
अबू घानिम हसला नाही.

सीलाइनची वाळू गाड्या खात नाही.
खातं ते मीठ.
दिवसा लोक लाटेच्या कडेनं गाड्या हाकतात,
पाणी उडतं, फोटो निघतात,
आणि रात्री शेडमध्ये, माझ्या उशापासून बारा पावलांवर
मीठ ओव्हरटाइम करतं.

टाय रॉड सुटले. पिन तुटली, पण निघाली.
स्टिअरिंगचा दांडा वर उपसून काढला.
राहिलं फ्रेमच्या नळीत बसलेलं एक कडं,
बाहेरून आटे, आत बेअरिंग धरून ठेवलेलं.
पुस्तकात रिटेनर.
आमच्या पलूसच्या आयटीआयत त्याला नाव नव्हतं,
तिथं अशी गाडीच नव्हती.

पहिल्या दिवशी तेल पाजलं.
दुसऱ्या दिवशी परत तेल, मग छिन्नी.
खाच बोथट झाली, कडं तसंच,
मांडवात रुसून बसलेल्या जावयासारखं.
तिसऱ्या दिवशी सनइय्यातून खास पाना आणला,
पान्याला दीड मीटरची नळी जोडली,
नळीवर टेकबहादूर बसला.
गाडी उचलली गेली.
कडं नाही.

मग उताणा पडून टॉर्च मारला,
गंज खरवडला,
आणि कडेला दिसले ठिपके. एक, दोन… पाच.
कडं सैल पडू नये म्हणून
पंचानं आटे चेपतात, ते हे.
पुस्तक सांगतं दोन.
पाच मारणारा माणूस या किनाऱ्यावर एकच होता.

गुलजमान. स्वातचा.
चहात मीठ घालायचा, आम्ही नावं ठेवायचो.
उजवा अंगठा साखळीत अर्धा गेलेला.
मुतखड्यानं बेजार होऊन दोन हिवाळ्यांमागं घरी गेला,
जाताना हातोडी मला, उशी मिजानला.
त्याला मी त्या दुपारी शिव्या घातल्या
मराठीत, हिंदीत, आणि त्यानंच शिकवलेल्या पश्तोत.

पाचही ठिपके ड्रिलनं उकरले.
कड्यावर एक जाडजूड नट वेल्ड केला.
तांबडं झालं, केशरी झालं,
मग बसून राहिलो.
इथं हात चालवायचा नसतो.
तापलेलं लोखंड निवताना आकसतं,
आणि त्या आकसण्यात केसभर फट पडते.
मिजाननं दोनदा विचारलं, झालं का?
तिसऱ्यांदा विचारायच्या आत
कट्‌ असा आवाज आला,
सुपारी फुटावी तसा.

पुढचं सगळं दोन बोटांनी.

बेअरिंग मेलंच होतं,
खालचं सील कुरतडलेलं, गोळ्या तपकिरी.
पण त्याच्या वर, नळीच्या पोटात,
वेल्डच्या धगीनं अर्धं पाघळलेलं, अर्धं शाबूत
ग्रीस होतं. पिवळं.
इथवर कुणी ग्रीस भरत नाही, कुणाला दिसतंय?
त्यात एक आखूड, रुंद ठसा
अंगठा जिथं संपतो तिथं संपलेला.

टेकबहादूर म्हणाला, काय बघतोस?
नळी पुसायलाच हवी होती.
पुसली.

नवं बेअरिंग, नवं कडं.
वरच्या पोकळीत ग्रीस भरलं, माझ्या आख्ख्या अंगठ्यानं.
आट्यांनाही लावलं थोडं,
उद्या जो कुणी इथं उताणा पडेल त्याच्यासाठी.
कुठला असेल कोण जाणे, शिव्या कुठल्या देईल.

मग पंच घेतला, आणि त्याचीच हातोडी.
एक.
दोन.
पुस्तक मिटलं.
पाण्यात सरळ गेलेली पोरगी आठवली,
आणि तिसरा मारला.
चौथ्यासाठी उचललेला हात
बराच वेळ तसाच वर होता.